घरच्या जास्तीच्या कोंबड्या विकताना: व्यापारी, आठवडी बाजार आणि घरगुती गिऱ्हाईक

खुडूक कोंबडीखाली १२ अंडी ठेवली, २१ दिवसांनी त्यातून ९-१० पिल्लं निघाली आणि घार-मुंगसातून ७-८ वाचली, तर त्यातली निम्मी नर निघणार हे आधीच धरून चालावं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. उरलेले तीन-चार नर सहाव्या महिन्यात एकमेकांना टोचायला लागतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटतात आणि दाण्यावर पहिला हक्क सांगतात. ते विकायचे असतातच. पण नवीन पाळणारे बहुतेक जण ते उशिरा विकतात. खुराडं भरतं, दाणा संपतो, घरात पैशाची नड येते, मग दारात आलेल्या पहिल्या मोटरसायकलवाल्याला सगळं उक्तं देऊन टाकतात. पैसे बुडतात ते तिथे. बाजारात घासाघीस कशी करायची ही गोष्ट पुढची. कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात आणि कुणाला द्यायचा, हे घरी बसून आधी ठरवावं लागतं.

आधी वेगळे काढा

संध्याकाळी पक्षी खुराड्यात शिरल्यावर बॅटरी घेऊन एकेक हातात घ्या. अंधारात ते शांत असतात, पळापळ होत नाही. चार गट करा.

पहिला गट नरांचा. एक कोंबडा आणि त्याला काही झालं तर दुसरा, असे दोन राखा, बाकीचे विक्रीला. राखायचा तो सर्वांत मोठा नव्हे, अंगाने भरलेला, सरळ पायांचा आणि शक्यतो दुसऱ्या घरून आलेला असावा. आपल्याच कळपातला नर पिढ्यान् पिढ्या ठेवला की कमी अंड्यांतून पिल्लं निघतात आणि तीही किरकोळ असतात.

दुसरा गट तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचा. गावरान तलंग साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. तुरा लाल व्हायला लागला आणि हात लावताच ती अंग दाबून खाली बसली, की दोन-तीन आठवड्यांत अंडं धरावं. या टप्प्यावर तलंगेला सगळ्यांत चांगला भाव असतो, कारण घेणारा ती पाळायला घेतो, कापायला नाही. हे विसरून तलंगा नरांबरोबर किलोवर देऊन टाकणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

तिसरा गट अंड्यावर असलेल्या आणि खुडूक बसणाऱ्या कोंबड्यांचा. अंडी देते की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. शेपटीखाली दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि अंडं बाहेर येण्याची जागा ओलसर, मोठी असली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावलं आणि जागा कोरडी, आवळलेली असली तर अंडी बंद आहेत. ही खूण तुम्हाला माहीत असली तर गिऱ्हाईक तुम्हाला फसवणार नाही. तुम्हीही कुणाला फसवू नका. ‘अंड्यावरची’ म्हणून दिलेली कोंबडी महिनाभर अंडं देत नाही, तेव्हा गावभर बोभाटा होतो आणि पुढचं गिऱ्हाईक येत नाही. चांगली खुडूक बसून पिल्लं नीट सांभाळणारी कोंबडी मात्र विकूच नये असं आमचं मत आहे. तशी दुसरी मिळवायला वर्ष जातं.

चौथा गट म्हाताऱ्या कोंबड्यांचा. पायाची खवलं जाड आणि खरखरीत, छातीचं हाड टोकापर्यंत कडक. कोंबडा असेल तर पायामागचा काटा लांब आणि वाकलेला. म्हाताऱ्या पक्ष्याचं मटण शिजायला वेळ घेतं, पण रस्सा उत्तम होतो. असं घेणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांना वय सांगूनच द्या.

थांबण्याचा हिशोब

‘अजून थोडं वजन भरू दे’ म्हणून कोंबडा ठेवला जातो. बंदिस्त ठेवलेला मोठा पक्षी रोज १०० ते ११० ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे महिन्याला ३ किलोच्या वर. समजा खाद्य ३५ रुपये किलो, तर महिन्याचे १०५ रुपये झाले. गावरान नर सहा-सात महिन्यांनंतर महिन्याला १०० ग्रॅमच्या आसपासच भरतो. समजा भाव ४०० रुपये किलो, तर वाढले ४० रुपये. दर महिन्याला ६५ रुपये घालवून आपण कोंबडा पोसतो आहोत. मोकळ्या चरणाऱ्या पक्ष्याचा दाण्याचा खर्च याच्या निम्म्याहून कमी येतो, पण झुंजीत फुटलेला तुरा, गेलेला डोळा आणि टोचून हैराण झालेल्या कोंबड्या हा खर्चच आहे. गावरान नर दीड ते पावणेदोन किलोचा झाला की विक्रीचा. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती त्याच वयात बऱ्याच जड होतात. त्यांच्यासाठी वय नव्हे, वजन पाहा. आणि त्या गावरान म्हणून विकू नका, जात स्पष्ट सांगा. जाणकार गिऱ्हाईक पायाच्या जाडीवरून ओळखतंच.

एकच कारण थांबायला पुरेसं आहे: सण जवळ आलेला असणं.

पंचांग पाहून विक्री

आपल्याकडे कोंबडीचा भाव पंचांगावर चालतो. आषाढात, विशेषतः दीप अमावस्येच्या आधीच्या आठवड्यात, मागणी टोकाला जाते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की बाजार थंडावतो. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं करत दसऱ्यापर्यंत ठिकठिकाणी चढउतार. (कोकणात गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवणारी घरं आहेत, तिथे भाद्रपदातही दोन दिवस चांगले जातात.) मार्गशीर्षात अनेक घरांत महिनाभर वर्ज्य, निदान गुरुवारी तरी. त्यानंतर पौष-माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा आणि मध्ये धुळवड. नवसाच्या कोंबड्याचं गिऱ्हाईक वजनापेक्षा रंग पाहतं. कुठे लाल, कुठे काळा, आणि तुरा-शेपूट अखंड हवं. असा कोंबडा असेल तर तो किलोवर तोलू नका, नगावर सांगा.

उलटं मोजायचं. आषाढात विकायचे नर जानेवारीच्या शेवटापर्यंत अंड्यातून बाहेर पडलेले हवेत. होळी-जत्रेसाठी सप्टेंबरात. अधिक महिना आला की सगळं सरकतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता आणि श्रावण दोन महिन्यांचा झाला होता. अशा वर्षी दीप अमावस्येच्या आधी न विकलेला नर एकाऐवजी दोन महिने पोसावा लागतो.

वारही मोजा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खायचे वार, बाकी वारी कुणाचा ना कुणाचा उपास. शनिवारचा बाजार दुसऱ्या दिवशीच्या रविवारामुळे चालतो. सोमवारच्या बाजारात तेवढं घरगुती गिऱ्हाईक नसतं, तिथे व्यापारीच जास्त.

विक्रीच्या पंधरा दिवस आधी

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आणि जंताचं औषध दिलेलं असेल तर तारीख वहीत असू द्या. लस विक्रीच्या आदल्या आठवड्यात देऊ नका. लशीचा ताण आणि प्रवासाचा ताण एकत्र आला की पक्षी बाजारातच मान टाकतो. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. प्रतिजैविक दिलं असेल तर बाटलीवर किंवा पाकिटावर किती दिवस मांस-अंडी खायची नाहीत ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय खाणाऱ्या घरी पक्षी द्यायचा नाही. लिहिलेलं सापडत नसेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पायाची खवलं उचकटलेली, पांढरट दिसत असतील तर ती खवल्यांखाली शिरणाऱ्या किड्यांमुळे. चार-चार दिवसांनी खोबरेल किंवा करंजाचं तेल चोळलं तर पाय हळूहळू स्वच्छ होतात. पंखाखाली, शेपटीखाली गोचीड-उवा पाहा. घेणारा पहिल्यांदा तिथेच पिसं फुंकतो.

वजनासाठी लटकता डिजिटल काटा घ्या. फार महाग नसतो आणि पहिल्याच विक्रीत वसूल होतो. पक्षी कापडी पिशवीत डोकं बाहेर ठेवून टांगायचा, पिशवीचं वजन वजा करायचं. काटा बरोबर आहे का ते पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटलीने पाहा. रिकामी बाटली आधी तोलून ठेवा, फरक एक किलोच्या जवळ यायला हवा. हीच बाटली व्यापाऱ्याच्या काट्यालाही लावता येते. काही बोलावं लागत नाही, बाटली पिशवीतून काढली तरी पुरतं.

गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवं

दारावर येणारा व्यापारी सोयीचा आहे. वाहतूक नाही, वेळ जात नाही, न विकलेला पक्षी परत आणायचा प्रश्न नाही. म्हणून त्याला बाजारापेक्षा थोडं कमी पडणं रास्त आहे. पण किती कमी, हे कळायला वजन माहीत हवं. समजा तुमचे तीन कोंबडे १.९, १.७ आणि १.६ किलोचे, म्हणजे ५.२ किलो. तो म्हणतो, ‘तिन्हींचे १५००.’ किलोला २८८ रुपये पडले. त्याच दिवशी बाजारात ४०० असेल तर फरक ५८० रुपयांचा. आकडा हातात असला की आवाज न चढवता बोलता येतं.

त्याच्याशी आधी एक गोष्ट पक्की करा: निवडून की सरसकट. ‘सरसकट’ भाव बोलून तो चार चांगले उचलतो आणि उरलेले ‘पुढच्या खेपेला’ म्हणून ठेवतो, हे नेहमीचं आहे. निवडून न्यायचे तर भाव वेगळा.

आणि त्याची टोपली, जाळी, पिंजरा आपल्या खुराड्याजवळ येऊ देऊ नका. ती रोज पाच गावं आणि दोन बाजार फिरते. मानमोडीचा रोग अशाच पिंजऱ्यांवरून, चपलांवरून घरात येतो. पक्षी तुम्ही पकडा, तुमच्या टोपलीतून फाटकाबाहेर न्या आणि तिथे हवाली करा. हा नियम घरगुती गिऱ्हाइकालाही लागू. ‘जरा खुराडं बघू द्या’ म्हणणाऱ्याला फाटकापाशी पक्षी आणून दाखवायचा.

खाणावळ किंवा ढाबेवाल्याला ठरावीक वारी ठरावीक नग हवे असतात. एका घरातून ते निघत नाहीत. बचत गटातल्या पाच-सहा जणींनी नर एकाच महिन्यात तयार होतील असं जमवलं तर २५-३० नग होतात आणि गाडी गावात येते. उधारी मात्र सुरुवातीपासून ठेवू नका. पहिल्या तीन खेपा रोख.

पाळायला नेणाऱ्याला सांगायच्या गोष्टी वेगळ्या: पिल्लं कोणत्या तारखेला निघाली, कोणत्या लशी कधी दिल्या, काय खातात, रात्री झाडावर बसतात की खुराड्यात. हे चार ओळींत कागदावर लिहून दिलं तर तलंगेचे पन्नास रुपये जास्त द्यायला तो कुरकुरत नाही. एकट्या पक्ष्यापेक्षा दोन तलंगा एकत्र द्या. नव्या जागी एकटी कोंबडी आठवडाभर नीट खात नाही.

फोनवरची विक्री

गावच्या, तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर चांगली विक्री होते. फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जिवंत प्राणी-पक्षी विकायला मनाई आहे. तिथे टाकलेली जाहिरात काढून टाकली जाते, वेळ घालवू नका. फोटो सकाळच्या उन्हात, बाजूने, पूर्ण पक्षी दिसेल असा. शेजारी एखादी बादली किंवा पाटी असली की आकार कळतो. खाली नर की मादी, वय, वजन, नग, भाव आणि तालुका. घराचा नेमका पत्ता गटावर टाकू नका.

न पाहता, घासाघीस न करता, ‘सगळ्या ५० घेतो, आमच्या कॅम्पसाठी हव्यात, पैसे आधी पाठवतो’ म्हणणारा फोन आला की सावध व्हा. पुढे तो क्यूआर कोड पाठवतो आणि ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. इसार घ्यायचा तर तो आपल्या खात्यात जमा झालेला आपल्या ॲपमध्ये दिसला पाहिजे. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

पकडणं, भरणं, नेणं

बाजाराच्या पहाटे, अंधार असतानाच पकडा. दोन्ही पंख अंगाशी दाबून, खालून हात देऊन उचला. दिवसा पाठलाग करून पकडलेला पक्षी दमतो, अंगावर काळे-निळे डाग पडतात आणि उन्हाळ्यात त्याच धावपळीने मरतोही.

पहाटे मूठभर भिजवलेलं धान्य आणि पाणी पुरे. गच्च खायला घालून वजन वाढवण्याचा प्रयत्न करू नका. घेणारा गळ्याखालची चारापिशवी चाचपतो आणि भाव पाडतो, शिवाय भरल्या पोटाने गाडीत पक्षी गुदमरतो. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात १०-१५ ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ घालून द्या.

पाय बांधून हँडलला उलटे टांगून नेण्याची पद्धत सोडा. उलट्या पक्ष्याच्या पोटाचा भार छातीवर येतो, त्याला श्वास घेता येत नाही. पायाला वळ उठतात आणि तो बाजारात मलूल दिसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली वेदना होतील अशी वाहतूक हा गुन्हाही आहे. प्राणी वाहतुकीच्या नियमांत २००१ साली पक्ष्यांचं वेगळं प्रकरण आलं. त्यात ११५ × ५० × ४५ सेंटिमीटरच्या पेटीत १२ मोठे पक्षी असं प्रमाण आहे, आणि नर-माद्या एका पेटीत घालायच्या नाहीत. त्या मापाने दोन फूट व्यासाच्या डालग्यात सहा पक्षी बसतात, त्याहून जास्त नाही. तळाला पोतं किंवा भाताचा पेंढा घाला, नाहीतर पाय सटकून मांडीचा सांधा निखळतो. वरून ओलं पोतं टाकताना बाजू उघड्या ठेवा. चोच उघडी ठेवून, पंख फाकवून धापा टाकणारा पक्षी दिसला की थांबा, सावलीत उतरवा, पाणी पाजा. मार्च ते मे या काळात सात-साडेसातच्या आत बाजारात पोचायचंच.

वाटेत एक-दीड किलोच्या पक्ष्याचं ५० ग्रॅम वजन सहज उतरतं. भाव मनात धरताना ते वजा करून ठेवा.

बाजारात

बाजाराच्या तोंडाशीच दोघं-तिघं टोपली अडवतात, हात घालून पक्षी उचलतात, दोन्ही बाजूंनी भाव ओरडतात. तिथे विकायचं नाही. ‘आत बघू’ म्हणून पुढे व्हा. टोपली सावलीत ठेवा आणि एका माणसाला तिथे बसवून दुसऱ्याने पूर्ण चक्कर मारून भाव ऐका, नगाचा आणि किलोचाही. बाजार कराची पावती घ्या आणि जपून ठेवा.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तसं कोंबड्यांच्या बाजूला नसतं, सगळं उघड आणि पटापट. ठरवलेल्या भावाच्या दहा-पंधरा टक्के वर सांगा आणि खालची रेघ घरून ठरवूनच या. टोपली पूर्ण उघडू नका, एकेक पक्षी हातात धरून दाखवा. सगळे एकदम दिसले की गिऱ्हाईक सर्वांत चांगला घेतं आणि उरलेल्यांची किंमत पडते. पहिला मध्यम पक्षी काढा. भवानी झाल्यावर चांगले काढा. पैसे हातात आल्यावरच पक्षी सोडा. फोनवरून पैसे आले तर जमा झाल्याचा संदेश आपल्याच फोनवर पाहून.

लिलाव आपल्याकडे कोंबड्यांच्या बाजारात नसतो. जत्रेत देवाला वाहिलेल्या पक्ष्यांचा होतो, आणि गोव्याकडे देवळात पावणी होते. तिथे बोली भक्तीने चढते. तो भाव डोक्यात धरून बाजारात बसलं तर दिवस फुकट जातो.

अकरानंतर ऊन चढतं, पक्षी मलूल होतात, घरगुती गिऱ्हाईक परत फिरतं आणि उरतात ते व्यापारी. त्यामुळे साडेदहाला टोपलीत काय उरलंय ते पाहून खालची रेघ पन्नास रुपयांनी उतरवायची तर तेव्हाच उतरवा.

काय विकायचं नाही

शिंकणारा, हिरवट-पांढरी हगवण लागलेला, मान वाकडी झालेला पक्षी बाजारात नेणं म्हणजे पंचक्रोशीला रोग वाटणं आहे. कळपात दोन-तीन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले तर उरलेले घाईने विकू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला, नंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात. अशा वेळी आसपासच्या गावांतली खरेदी-विक्री बंद होते आणि बाधित भागातले पक्षी नष्ट करून भरपाई दिली जाते. लपवून विकलेल्या पक्ष्याची भरपाई कुणालाच मिळत नाही. मेलेले पक्षी तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा.

झुंजीसाठी कोंबडा मागणारे येतात, विदर्भात कोंबडबाजारासाठी तर विशेष. भाव दुप्पट सांगतात. झुंज लावणं बेकायदा आहे आणि पायाला काती (धारदार पातं) बांधलेल्या कोंबड्याचं काय होतं ते पाहिलेला माणूस पुन्हा देत नाही. कापून, साफ करून मटण विकायचं तर अन्न नोंदणी आणि स्थानिक परवानगी लागते. घरगुती विक्रीत जिवंतच द्या.

उरलेला पक्षी

बाजारातून परत आणलेला पक्षी संध्याकाळी थेट खुराड्यात सोडायचा नाही. दिवसभर तो वीस घरांच्या पक्ष्यांशेजारी होता. मानमोडी अंगात घेऊन आला असला तरी पाच-सहा दिवस काही दिसत नाही, आणि मग सगळा कळप जातो. त्याला घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या पाण्या-दाण्याने तीन आठवडे ठेवा. घरच्यांना आधी दाणा घालायचा, त्याला शेवटी. इतकी जागा किंवा सवड नसेल तर बाजार सुटायच्या आत मिळेल त्या भावाला द्या, किंवा रविवारी घरीच रस्सा करा.

डालगी, पोती अंगणाबाहेरच साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. बाजारातल्या चपला खुराड्याकडे नेऊ नका, हात-पाय धुऊन मगच दाण्याला जा. आणि वहीत त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, तिथी, नग, वजन, भाव, घेणारा. पुढच्या वर्षी जानेवारीत किती अंडी बसवायची ते या पानावरून ठरतं.